१० डिसेंबरचा दुसरा ठराव

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिनाचे मेसेज फिरतात. बरोबर एलिनॉर रूझवेल्ट जाहीरनाम्याचा तो भलामोठा कागद हातात धरून उभ्या आहेत, तो फोटो. १९४८ साली पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ४८ विरुद्ध शून्य मतांनी जाहीरनामा मंजूर झाला, ८ देश तटस्थ राहिले, वगैरे वगैरे. सगळं खरं आहे. पण त्या ठरावाचा नंबर नीट बघा. २१७ ए. म्हणजे त्याच्या शेजारी २१७ बी पण असणार की नाही? आहे. त्याच रात्रीचा आहे. आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

२१७ बीचा विषय आहे अर्ज करण्याचा हक्क. कुणाचे हक्क तुडवले गेले तर त्या माणसाने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करायची की नाही, केली तर तिचं काय करायचं, हा प्रश्न. ठरावाची सुरुवात मोठी छान आहे: अर्ज करण्याचा हक्क हा महत्त्वाचा मानवी हक्क आहे. आणि शेवट असा, की या अधिवेशनात याबाबत काहीही करायचं नाही. आणखी अभ्यास करा म्हणून विषय खाली पाठवून दिला.

एका ठरावात जगातल्या प्रत्येक माणसाला हक्क आहेत असं सांगितलं आणि लगेच पुढच्यात, दाद मागायला इथे येऊ नका, निदान आत्ता तरी नको. मानवी हक्कांचा कायदा शिकायचा असेल तर माझ्या मते हे दोन ठराव शेजारी ठेवून सुरुवात करावी. अभ्यासक्रमात सहसा १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चं इंग्लंडचं बिल ऑफ राइट्स, १७७६ ची अमेरिका, १७८९ चा फ्रान्स आणि मग थेट १९४८ अशी आगगाडी असते. स्टेशनं पाठ होतात, परीक्षा पास होते. पण हक्क लिहून ठेवणं आणि हक्काची दाद लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासाचा निम्मा तरी भाग या दोहोंमधल्या अंतराचा आहे, हे मात्र राहून जातं.

जुने इंग्रज कायदेपंडित या बाबतीत फार रोखठोक होते. बेंथमने फ्रेंचांच्या नैसर्गिक हक्कांची टिंगल केली ती याच मुद्द्यावर: कायदा नाही, अंमल नाही, तर हक्क कसला? डायसीने तर लिहून ठेवलं की इंग्लंडच्या हेबिअस कॉर्पसच्या कायद्यांत एकही तत्त्व जाहीर केलेलं नाही, एकाही हक्काची व्याख्या नाही, पण व्यवहारात ते स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या शंभर घटनात्मक कलमांच्या तोडीचे आहेत. हेबिअस कॉर्पस म्हणजे आपल्याकडचं बंदी प्रत्यक्षीकरण. माणसाला कुठे डांबलंय, कोणत्या कायद्याने, ते न्यायाधीशासमोर येऊन सांगा. बस, एवढंच. डायसी साम्राज्याचा माणूस होता, त्याच्या इतर बऱ्याच मतांशी आपलं जमणार नाही. पण हे वाक्य पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता महाडला येऊ.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क आला. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले, ओंजळभर पाणी प्यायले, आणि मग परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, हे आपल्याला माहीत आहे. कायद्याच्या बाजूने पुढे काय झालं ते कमी सांगितलं जातं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. दिला हक्क, घेतला परत. डिसेंबरच्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि तळं खासगी आहे, पूर्वापार वहिवाट आहे असं सांगून त्यांनी मनाई हुकूम आणला. कोर्टाचा हुकूम म्हणून बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणं स्थगित केलं. दावा खालून वर चढत चढत मुंबई हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल लागला: पूर्वापार वहिवाट सिद्ध होत नाही, अपील फेटाळलं. ओंजळभर पाण्याचा दावा, दहा वर्षं. (निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हेच ते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली होती.)

हा माणूस पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, तेव्हा हक्कांच्या यादीपेक्षा त्याचं लक्ष दुसरीकडे असणारच होतं. मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीपुढे त्यांनी दिलेलं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे टिपण उघडून बघा. हक्क दिले आहेतच, पण त्यांच्यावर आक्रमण झालं तर इलाज काय, हे वेगळ्या विभागात तपशिलाने मांडलंय.

त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांत काय चाललं होतं तेही बघायला हवं, कारण बाबासाहेबांची तिकडेही नजर होती. जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिल्याचं वाचलं, भारतातले अस्पृश्यही तसा विचार करत आहेत, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का? डू बॉइसनी उत्तर दिलं, सहानुभूती कळवली. पुढे ऑक्टोबर १९४७ मध्ये डू बॉइसच्या संपादनाखाली तयार झालेला मोठा अर्ज त्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना सादर केला. त्याचं काही झालं नाही. होणारच नव्हतं. कारण मानवी हक्क आयोगाने १९४७ च्या सुरुवातीला, आपल्या पहिल्याच अधिवेशनात ठरवून टाकलं होतं की मानवी हक्कांविषयीच्या कोणत्याही तक्रारीवर कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही. ऑगस्टमध्ये वरच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने त्यावर शिक्का मारला. तक्रारी जगभरातून येत होत्या, त्यांची गोपनीय यादी व्हायची आणि ती यादी फाइलला लागायची. सरकारी ऑफिसात खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

हे का झालं? कारण मोठ्या देशांपैकी प्रत्येकाच्या घरात काहीतरी जळत होतं. अमेरिकेत वर्णभेद, ब्रिटन-फ्रान्सच्या वसाहती, रशियात छळछावण्या. आणि सगळ्यात नमुनेदार उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना, जिच्यात मूलभूत मानवी हक्कांवरच्या श्रद्धेचा उल्लेख आहे, तिचा मूळ मसुदा यान स्मट्स यांचा. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान. १९४६ मध्ये याच स्मट्सच्या सरकारने तिथल्या भारतीयांना जमिनीच्या बाबतीत वेगळं पाडणारा कायदा केला. भारत अजून स्वतंत्रही नव्हता, तरी आमसभेत तक्रार घेऊन गेला, विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. स्मट्सचं उत्तर काय? हा आमचा अंतर्गत प्रश्न. सनदेचं कलम २ (७) बघा. तरीही ८ डिसेंबर १९४६ ला भारताच्या बाजूने ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव झाला. ‘अंतर्गत प्रश्न’ या भिंतीला पडलेलं हे पहिलं मोठं भगदाड, आणि ते आपण पाडलं. पुढे वेगवेगळ्या वेळी आपल्याही सरकारांनी तीच भिंत पाठीशी घेतली, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

इथे हंसा मेहतांना आणावंच लागेल. जन्म सुरतेचा, कार्यक्षेत्र मुंबई, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात होत्या, पुढे बडोदा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. पती डॉ. जीवराज मेहता म्हणजे केईएम आणि जी. एस. मेडिकलचे पहिले डीन. हंसाबेन एकाच वेळी दोन ठिकाणी काम करत होत्या: दिल्लीत संविधान सभेत आणि मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी म्हणून. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असं होतं, त्याला त्यांनी हरकत घेतली आणि शेवटी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं, ही गोष्ट आता बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. रूझवेल्टबाईंना ‘मेन’मध्ये बायका येतातच असं वाटत होतं. हंसाबेनना आपल्याकडचा अनुभव होता. शब्दात जागा ठेवली नाही तर पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं.

पण त्यांचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. डिसेंबर १९४७ मध्ये जिनीव्हाला आयोगाचं दुसरं अधिवेशन भरलं, तेव्हा कामाचे तीन गट पाडले. एक जाहीरनाम्याचा, एक बंधनकारक कराराचा, एक अंमलबजावणीचा. तिसऱ्याच्या अध्यक्ष हंसा मेहता. ज्याच्यावर अन्याय झालाय त्या माणसालाही तक्रार करता आली पाहिजे, फक्त सरकारांना नाही, ही भूमिका या गटाने मांडली. ऑस्ट्रेलियाचा तर मानवी हक्कांचं आंतरराष्ट्रीय न्यायालयच काढा असा आग्रह होता आणि गटाने तोही उचलून धरला. तीन गटांपैकी पहिल्याचं काम वर्षभरात जगापुढे आलं. दुसऱ्याला १९६६ साल उजाडलं. तिसऱ्याचं २१७ बी झालं.

जाहीरनाम्यात मात्र एक गोष्ट शेवटच्या टप्प्यात आत आली, आठवं कलम. प्रत्येकाला आपल्या देशातल्या न्यायालयात परिणामकारक दाद मिळाली पाहिजे. हे लॅटिन अमेरिकी देशांनी घातलं. मेक्सिकोत ‘अम्पारो’ नावाचा नागरिकाला थेट कोर्टात संरक्षण मागायचा मार्ग होता, त्याच्या धर्तीवर. म्हणजे आंतरराष्ट्रीय दार बंद, पण घरचं दार तरी उघडं ठेवा.

आणि आता तारीख बघा. पॅरिसमध्ये १० डिसेंबर. त्याच्या आदल्या दिवशी, ९ डिसेंबर १९४८ ला, दिल्लीत संविधान सभेत मसुद्यातलं कलम २५ चर्चेला होतं. आजचं कलम ३२. मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क, आणि हा हक्कही स्वतः मूलभूत हक्कच. बाबासाहेब म्हणाले, या संविधानातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम कोणतं असं कुणी विचारलं तर मी दुसऱ्या कशाकडेच बोट दाखवणार नाही. हे संविधानाचा आत्मा आहे, हृदय आहे. हे वाक्य आपण भिंतीवर लावतो, स्टेटसला ठेवतो. पण ते समतेच्या कलमाबद्दल नाही, स्वातंत्र्याच्याही नाही. दाद मागण्याच्या कलमाबद्दल आहे. बोलणाऱ्यामागे महाडची दहा वर्षं होती.

कलम लगेच कामालाही आलं. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली. संपादक रोमेश थापर सरळ सुप्रीम कोर्टात. सरकारी वकील म्हणाले, आधी हायकोर्टात जायला हवं होतं. मे १९५० मध्ये कोर्टाने सांगितलं, अशी काही अट नाही, हक्कांचं रक्षण ही आमची जबाबदारी आहे. बंदी रद्द. सरकारने पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती केली ती काही अंशी याच निकालामुळे, ते सोडा.

पण हृदयाला एक बटणही लावून ठेवलं होतं. कलम ३५९. आणीबाणीत राष्ट्रपती आदेश काढून हक्कांसाठी कोर्टात जाणंच थांबवू शकतात. ऑगस्ट १९४९ मध्ये हे मंजूर होत असताना ह. वि. कामतांनी, हा शरमेचा आणि दुःखाचा दिवस आहे, देव या देशाच्या लोकांना वाचवो, अशा अर्थाचं बोलून घेतलं. तेव्हा ते अतिशयोक्त वाटलं असेल.

२७ जून १९७५ ला ते बटण दाबलं गेलं. कलम १४, २१, २२ साठी कोर्टात जायचं नाही. मिसाखाली लोक तुरुंगात. तरीही नऊ हायकोर्टांनी सांगितलं की अटक कायद्याप्रमाणे झाली आहे का, एवढं तरी आम्ही तपासणार. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. खटल्याचं नाव एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला.

कायद्याच्या सिद्धांताचा सगळा पेपर या एका खटल्यात आहे. जगण्याचा हक्क कलम २१ ने दिला, म्हणून कलम २१ झोपलं की हक्कही झोपला? की तो आधीपासून होता आणि संविधानाने फक्त लिहून ठेवला? न्या. ह. रा. खन्नांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तरी दाद नाही? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल आला. दाद नाही. मुख्य न्यायमूर्ती रे, न्या. बेग, न्या. भगवती आणि आपल्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड बहुमतात. बेगसाहेबांनी लिहिलं, स्थानबद्धांची काळजी जवळपास आईच्या मायेने घेतली जातेय. चंद्रचूडांनी लिहिलं, कैद्यांना मारहाण होईल, गोळी घातली जाईल अशी भीती वकील दाखवतात, पण तसं कधी घडणार नाही अशी माझी हिऱ्यासारखी तेजस्वी, हिऱ्यासारखी कठीण आशा आहे.

हे लिहिलं जात होतं तेव्हा पी. राजन मरून जवळजवळ दोन महिने झाले होते. कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी. १ मार्च १९७६ च्या पहाटे पोलिसांनी उचलला, कक्कयमच्या छावणीत नेला, तिथल्या छळात तो गेला. वडील टी. व्ही. ईचर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. ते वर्षभर मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना, दिल्लीला अर्ज करत राहिले. मुलगा कुठे आहे, एवढंच विचारत होते. डायसी म्हणतो तो सवाल. विचारायला कोर्ट नव्हतं. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली आणि चार दिवसांत त्यांनी केरळ हायकोर्टात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका टाकली. एप्रिलमध्ये कोर्टाने मुलाला हजर करा असा हुकूम दिला, तेव्हा कुठे सरकारला तो कोठडीत मेल्याचं कबूल करावं लागलं आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. मृतदेह कधीच मिळाला नाही. म्हणजे जे बापाला वर्षभराच्या अर्जांनी कळलं नाही ते दार उघडल्यावर काही आठवड्यांत कळलं. अशी दारं लागलेली असताना आणखी किती राजन गेले असतील याचा हिशेब नाही.

खन्नांचा अल्पमत निकाल वाचण्यासारखा आहे. ते म्हणतात, कलम २१ हे जगण्याच्या हक्काचं एकमेव घर नाही. संविधान नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव घ्यायचा अधिकार राज्याला नसता. नुसतं औपचारिक बघायचं तर नाझींच्या कत्तलीही कायदाच ठरतील. आणि त्यांनी जाहीरनाम्याची कलम ८ आणि ९ ही दिली आहेत. जाहीरनामा बंधनकारक नाही, पण आपल्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर त्याच्याशी जुळणारा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. लॅटिन अमेरिकेने शेवटच्या क्षणी घुसवलेलं ते आठवं कलम अठ्ठावीस वर्षांनी दिल्लीत एका न्यायाधीशाच्या उपयोगी पडलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. २३ मार्च १९७६ ला, म्हणजे त्या निकालाच्या पाच आठवडे आधी, नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार जगात लागू झाला होता. आणीबाणीतही जगण्याचा हक्क बाजूला ठेवता येणार नाही असं त्यात लिहिलंय. भारत त्यात नव्हता.

४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ ला ३५९ च्या बाहेर काढलं. १९७९ मध्ये आपण तो करारही मान्य केला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवला, त्याची बातमी खूप झाली. मला मात्र वडिलांचाच दुसरा निकाल आठवतो, १९८५ चा, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा, ऑल्गा टेलिस खटल्यातला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं यशवंतरावांनी लिहिलं. जगभर शिकवतात तो निकाल. आणि शेवटी हुकूम काय? पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडू नका. नंतर पाडा. हक्क मिळाला, झोपडी गेली.

अलीकडे कलम ३२ खाली गेलं की आधी हायकोर्टात का नाही गेलात, हा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी भर कोर्टात सांगितलं की आम्ही ३२ च्या याचिकांना परावृत्त करण्याचा प्रयत्न करतोय. थापर खटल्यात मद्रासच्या वकिलांनी नेमकं हेच मागितलं होतं आणि त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं. १९९३ पासून राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहे, तो शिफारस करू शकतो, आणि घटनेला एक वर्ष उलटलं असेल तर चौकशीही करू शकत नाही. ईचर वारियरांसारख्या एखाद्याची याचिका वर्षभराने पोचली तर?

आणि २१७ बी? तो प्रश्न सुटायला १९६६ लागलं. नागरी व राजकीय हक्कांच्या करारासोबत एक ऐच्छिक प्रोटोकॉल आला, ज्याने एकट्या माणसाला आपल्या सरकारविरुद्ध जिनीव्हाच्या समितीकडे लेखी तक्रार करता येते. हंसा मेहतांच्या गटाने १९४७ मध्ये मागितलं होतं त्याच्या बरंच जवळ जाणारं. जगातल्या शंभराहून जास्त देशांनी तो स्वीकारलाय. भारताने आजपर्यंत त्यावर सही केलेली नाही.